नदीकाठच्या बागेत हसल्याबद्दल आलेल्या नोटिशीस उत्तर

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
नवतीर नदीकाठ उद्यान,
शिळफाट्याजवळ, ता. खालापूर, जि. रायगड.

अर्जदार : इंदूबाई आबाजी ठोंबरे, रा. उंबरवणे, ता. खालापूर.

विषय : उद्यानात "विनाकारण मोठ्याने हसल्याची" नोटीस मागे घेण्याबाबत व श्रीमती सोनुबाई यांचा फोटो फाटकावरून काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : फाटकावर चिकटवलेली आपली नोटीस, दि. ६ जानेवारी २०२५.

महोदय,

मी भातशेती करणारी बाई आहे. महिला राखीव जागेवर एकदा ग्रामपंचायतीची सदस्य होते. त्या काळात सरकारी मराठी रोज कानावर पडत असे, त्यातली थोडी अंगाला लागली. ती आज आपल्याच कामी येत आहे.

१. प्रथम जागेविषयी. आपले उद्यान आज जिथे आहे तिथे आधी रंगाचा कारखाना होता आणि कारखान्याच्या आधी आमच्या गावची भातखाचरे होती. मी, सोनुबाई आणि मैना अशा तिघी एकामागोमाग एक लग्न होऊन या गावात आलो आणि सासरची पहिली लावणी त्याच खाचरांत केली. पुढे कारखाना आला. नदीचे पाणी कधी तांबडे, कधी जांभळे. पाणी बघून आम्ही सांगत असू, आज आत कुठला रंग घोटताहेत ते. गुरे पाण्याला तोंड लावीनात आणि नाकाला पदर लावल्याशिवाय काठावर उभे राहता येईना. मग कारखाना बंद पडला, गंजला, आणि त्या जागी बाग झाली. धुरांडे तेवढे ठेवून त्याला दिव्यांच्या माळा सोडल्या आहेत. हे काम उत्तम झाले आहे, असे मी लेखी देते. चांगल्याला चांगले म्हणताना माझी जीभ अडखळत नाही.

२. भात घरात आले की दुपारी आमचे हात रिकामे असतात. चारच्या सुमारास आम्ही बागेत येतो आणि नदीकडे तोंड करून बाकावर बसतो. आपले पहारेकरी हरेश यांनी सुरुवातीला विचारले होते, "आजी, तुमी व्यायाम नाय करत?" आमचा व्यायाम चिखलात वाकून वाकून कधीच पुरा झालेला आहे. बसणे तेवढे राहिले होते, ते आता उरकून घेत आहोत.

३. आता मूळ प्रकरण. सोनुबाईंचा एकुलता एक मुलगा कमलेश गेल्या होळीनंतर काविळीने गेला. टेंपो चालवायचा. घरात शिरला की आईची काहीतरी थट्टा केल्याशिवाय चप्पल काढायचा नाही. तो गेल्यापासून सोनुबाई उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. ताट पुढे ठेवले तर चार घास, नाही ठेवले तर तेही नाहीत. बोलणे बंद. मैनेने आणि मी दिवाळीनंतर त्यांना अक्षरशः दंडाला धरून बागेत आणले. त्या यायच्या, बसायच्या, पाण्याकडे बघायच्या आणि आम्ही उठलो की उठायच्या. आम्हाला एवढेही खूप वाटत होते.

४. डिसेंबरअखेर एका दुपारी मैना व्यायामाच्या यंत्रावर चढली. दोन्ही पाय पुढेमागे नेऊन जागच्या जागी चालायचे ते यंत्र. चढली खरी, पण तिला उतरता येईना. पाय थांबेनात, लुगडे सावरेना, आणि ती ओरडू लागली, "थांबवा रं ह्याला कुनीतरी!" तेव्हा बाकावरून आवाज आला, "आगं मैने, एवढी तरातरा चाललीस, पन हायस तिथंच! लावनीला निंगालीस तवा पन आशीच चालत व्हतीस!"

ते सोनुबाई बोलल्या होत्या, महोदय. कमलेश गेल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेले ते पहिले धड वाक्य. बोलल्या आणि हसल्या. त्या हसल्या म्हणून मैना यंत्रावरच हसत सुटली, मी बाकावरून खाली बसले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून जे पाणी आले ते नुसते हसण्याचे नव्हते, हे इथे नमूद करते. तेवढ्यात शिट्टी वाजली. हरेश पळत आले आणि हात जोडून म्हणाले, "आजी, जरा हळू हसा ना. सायबांचा फोन येतोय." त्यांना मी दोष देत नाही. दहिवलीहून रोज नोकरीवर येणारा पोरगा आहे, त्याच्या हातात शिट्टी दिली आहे म्हणून तो वाजवतो.

५. आवाजाबाबत खुलासा. लावणीत एक बाई या बांधाला वाकलेली, दुसरी पार त्या बांधाला. मधे पाऊस, वारा, चिखल. तिथून इथे थट्टा पोचवायची तर गळा मोकळाच सोडावा लागतो आणि हसूही तेवढेच मोठे परत पाठवावे लागते, नाहीतर थट्टा करणारीला कळणार कसे? कमरेचा काटा ढिला होईपर्यंतचे ते काम त्या हसण्यावर उरकत असे. हा गळा आम्हाला त्याच जमिनीने दिलेला आहे, जिच्यावर आपण लाल धावपट्टी घातली आहे. आता तो उतारवयात बारीक होणे शक्य नाही.

६. यानंतर आपण नोटीस काढली. "तीन महिला अभ्यागतांनी विनाकारण मोठमोठ्याने हसून उद्यानाची शांतता भंग केली", आणि सोबत बागेतल्या कॅमेऱ्यातला फोटो. त्यात सोनुबाईंचे तोंड उघडे, डोळे मिटलेले, पुढचे दात नसल्याचे स्पष्ट दिसत आहे आणि चेहऱ्याभोवती लाल गोल काढला आहे. चोराचा फोटोसुद्धा पोलीस ठाण्यात आतल्या भिंतीवर लावतात. आपण तो रस्त्याकडे तोंड करून लावलात.

तिथून तो मोबाइलमध्ये गेला आणि मोबाइलमधून गावात आला. पाण्यावर, चक्कीवर, एस. टी. च्या थांब्यावर एकच बोलणे, "पोर जाऊन वरीस नाय झाला आन आई बागेत दात काढतंय." सोनुबाईंच्या सख्ख्या भावजयीने घरी येऊन तोंडावर विचारले. त्या दिवसापासून सोनुबाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडल्या आहेत. आम्ही कित्येक दुपारी खपून त्यांना जेवढे बाहेर काढले होते तेवढे आपल्या एका कागदाने आत ढकलले. मला या गोष्टीचा राग आला आहे. अर्जात राग लिहू नये असा संकेत आहे, तो मला माहीत आहे.

७. मी आपल्या कार्यालयात समक्ष येऊन विचारणा केली. आपले लिपिक सौजन्याने बोलले. त्यांनी सांगितले की सकाळचे हास्य मंडळ नोंदणीकृत आहे, म्हणून त्यांचे हसणे नियमात बसते. तुम्हीही नोंदणी करा, असे ते म्हणाले. त्यांनी दिलेल्या कागदावर रकाने होते. हास्याचा प्रकार : मी लिहिले, मैना काय बोलेल त्यावर अवलंबून. कालावधी : पोट दुखेपर्यंत. प्रशिक्षकाचे नाव : ज्या दिवशी जिला सुचेल ती. गणवेश : लुगडे, असेल ते. लिपिक म्हणाले, असे चालणार नाही, कालावधीचा निदान अंदाज तरी टाका. मी विचारले, तुमच्या घरी हसायच्या आधी अंदाज देतात का? ते म्हणाले, "आमच्या घरी कोण हसतंय, आजी?" त्यांच्याबद्दलही माझी तक्रार नाही.

तक्रार "विनाकारण" या शब्दाबद्दल आहे. सकाळचे मंडळ हात वर करून "हो हो, हा हा" असे हसते ते कारण नसताना, आणि हसायला कारण लागत नाही असे त्यांच्याच फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे. त्यांनी खुशाल हसावे, प्रकृतीला चांगले असते म्हणतात. पण विनाकारण हसणाऱ्यांना परवानगी आणि कारणाने हसणाऱ्यांना नोटीस, हा उफराटा न्याय कुठल्या नियमात बसतो, ते लेखी कळवावे. आमचे कारण वर चौथ्या मुद्द्यात दिले आहे. त्याहून मोठे कारण या बागेत आजवर कोणाला मिळाले असेल असे मला वाटत नाही.

८. सबब मागण्या. नोटीस मागे घ्यावी. फोटो काढावा, आणि जिथे तो लावला होता त्याच जागी, तेवढ्याच आकाराचा कागद लावून श्रीमती सोनुबाई यांनी कोणताही अपराध केलेला नाही असे आपल्या सहीशिक्क्यानिशी जाहीर करावे. ही मेहेरबानी नव्हे. खरकटे ज्याने सांडले त्यानेच पुसावे, एवढीच आमच्याकडची रीत आहे. तसेच येत्या गुरुवारी, दि. २३ रोजी दुपारी चार वाजता आम्ही बागेत येणार आहोत. ही परवानगीची मागणी नसून कळवणे आहे. हसू आले तर हसू. शिट्टी वाजली तर शिट्टीलाही हसू. दंड केला तर भरणार नाही आणि हाकलले तर फाटकाबाहेर रस्त्यावर बसून हसू, तिथे आपली हद्द नाही.

९. काल संध्याकाळी इथपर्यंतचा मजकूर सोनुबाईंना वाचून दाखवला, कारण त्यांना न विचारता त्यांच्या नावाने काही मागणे मला पटेना. त्या भिंतीकडे तोंड करूनच ऐकत होत्या. गणवेशाच्या रकान्याशी आले तेव्हा त्यांची पाठ हलताना दिसली. रडताहेत असे वाटून मी थांबले. तर म्हणाल्या, "थांबलीस कशाला गं? वाच ना." पुढचे त्यांनी उठून बसून ऐकले. संपल्यावर पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "लोकं काय बोलायची ती बोलू दे. माजा कमलेश मला हसवल्याबिगर जेवत नव्हता. लिव त्या सायबाला, मी येनार हाय. आता त्याच्या वाटचं पन मीच हसनार."

तसे लिहिले आहे.

आपली नम्र, पण गुरुवारी चारला नक्की येणारी,

(सही) इंदूबाई आबाजी ठोंबरे
(सही) मैना
(डाव्या हाताचा अंगठा) सोनुबाई

स्थळ : उंबरवणे
दिनांक : १७ जानेवारी २०२५

सोबत : नोटिशीची प्रत. फोटो जोडलेला नाही, तो आपण काढणार आहात.