कव्हर, वारा आणि समोरचा मास्तर

३ मार्च, सोमवार
गाडीसाठी कव्हर आणलं. चंदेरी, जाड, वॉटरप्रूफ. मुद्दाम एक साइज मोठं घेतलं. पुढेमागे आपण मोठी गाडी घेणारच, तेव्हा पुन्हा दुकानाची पायरी कोण चढणार? दुकानदार म्हणाला, वाऱ्यात ढिलं पडेल साहेब. हल्ली लोकांना माल विकायचाच नसतो. ही म्हणाली, मग शर्टही पुढच्या पोटाच्या मापाचे शिवून घ्या.
आजपासून गाडीवर धुळीचा कण दिसणार नाही.

४ मार्च, सकाळी सव्वासहा
कव्हर गाडीवर नाही. समोरच्या घराच्या कुंपणावर पालथं पडलेलं. तिथे निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहतो. फाटकाशी उभा राहून हसत होता. म्हणाला, रात्री वारा होता. वारा सगळ्यांनाच होता, मग माझंच कव्हर त्याच्याच कुंपणावर कसं? संशयाला जागा आहे.
वर म्हणतो कसा, कव्हर मोठं आहे, खालून हवा शिरते आणि फुगतं. तुमची गाडी लहान आहे हो.
गाडी लहान आहे! माझ्या तोंडावर! यापुढे याचं नाव सल्लागार. त्याची स्वतःची गाडी बारा महिने उघडी, टपावर कावळ्यांची हजेरी. अशा माणसाने कव्हर या विषयावर बोलूच नये.

७ मार्च
कव्हरच्या चारी कोपऱ्यांवर विटा बांधल्या. साधा, शास्त्रशुद्ध उपाय. दुपारी वारा सुटला, एक वीट झोपाळ्यासारखी झुलली आणि मागच्या दिव्यावर बसली. दिवा गेला. पूर्वीच्या विटा अशा वागत नसत.

९ मार्च, रविवार
विटा रद्द. हिचे कपड्यांचे चिमटे लावले, सगळे. तासाभरात रस्ताभर चिमटे आणि गच्चीवरून उडालेले आमचे कपडे. माझा बनियन सल्लागाराने घडी घालून आणून दिला. घडी घालून! अपमान करायची ही पद्धत मी ओळखून आहे.
ही दिवसभर बोलली नाही. शांततेचा फायदा घेऊन पुढची योजना आखली.

१२ मार्च
ऑफिसातून आलो तर सल्लागार आमच्या खुर्चीत. हातात जुन्या बॅगांचे पट्टे जोडून केलेला लांब पट्टा. म्हणे, जास्तीचं कापड दुमडून घ्या, पट्टा गाडीखालून घेऊन पोटाशी आवळा, बकल आहे, काढायलाही सोपं. मी म्हणालो, घरात सगळं आहे. ही म्हणाली, काहीही नाही. हिने त्याला चहा दिला. माझ्या कपात.
गेल्या महिन्यापासून सासूबाई आमच्याकडे आहेत. त्याही म्हणाल्या, माणूस चांगला आहे हो. सासूबाईंना माणसं कधीच ओळखता आली नाहीत. एक जावई निवडला तेवढा अपवाद.
पट्टा परत केला.

१५ मार्च, शनिवार
विजय! जाड नायलॉनची दोरी आणली. गाडीखाली आडवा झालो, दोरी चार वेळा फिरवली, वरून साखळी आणि कुलूप. गाठ माझी स्वतःची, कुठल्याही पुस्तकात नसलेली. पाठ धरली आणि पँट फाटली, पण वारा दिवसभर आपटून आपटून दमला. कव्हर जागचं हललं नाही.
संध्याकाळी ही म्हणाली, बाजारात जायचंय, गाडी काढा. सांगितलं, आजच बांधली आहे. चालत गेली. गाडीचं काम सुरक्षित राहणं, चालणं नव्हे.
सल्लागार खिडकीतून बघत होता. जळू दे.

१९ मार्च, दुपार
सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. पाय वाकडा झालेला, कण्हत होत्या. ही ओरडली, गाडी काढा.
धावत खाली गेलो. कुलूप उघडलं. गाठ सुटेना. नखं, दात, स्क्रू-ड्रायव्हर, सगळं झालं. वारा कव्हरमध्ये शिरून माझ्या तोंडावर फडाफडा मारत होता. ही गॅलरीतून विचारत होती, झालं का? मी म्हणत होतो, झालंच.
मग सल्लागाराची ती कावळ्यांची गाडी आमच्या दाराशी आली. त्याने सासूबाईंना दोन्ही हातांवर उचलून मागच्या सीटवर ठेवलं. मी दोरीचं टोक धरून उभा. ही गाडीत बसता बसता एवढंच म्हणाली, तुम्ही कव्हर सांभाळा.
शेवटी सुरीने दोरी कापली. सुरी बॉनेटलाही लागली. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा प्लास्टर झालेलं होतं.

२० मार्च
कव्हर पूर्ण काढलं. आत शिरलेली बारीक वाळू रोज घासून दोन्ही बाजूंचा रंग गेलाय. उघडी ठेवली असती तर नुसती धूळ बसली असती. उत्पादनात दोष.
ही म्हणाली, मास्तरांचे आभार माना. म्हणालो, बघू. म्हणाली, आज. सध्या तो दिसत नाहीये. म्हणजे मी त्या बाजूला बघत नाहीये.

२६ मार्च, बुधवार
सासूबाईंना तपासणीला न्यायचं होतं. मी सकाळीच गाडी धुऊन, दार उघडून उभा. सासूबाईंनी लांबूनच हात जोडले. म्हणाल्या, जावईबापू, रागावू नका, पण मध्येच बांधलीत तर? सल्लागाराच्या गाडीतून गेलो. मी मागे, मांडीवर वॉकर.
दवाखान्याच्या फाटकाशी तो उतरला, सासूबाईंना धरलं, हिने फाइल घेतली. आणि त्याने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, जरा लावता का? मी आत यांच्याबरोबर जातो.
मी! याची गाडी!
लावली. सावलीत, सरळ. धुळीचा लोट आला, तसा रुमाल काढून पुढची काच पुसली. मग टपही पुसला. तिघं परत येईपर्यंत वाऱ्यात तिथेच उभा होतो.
आभार मानायचे राहिले. त्यानेच माझे मानले.