एका निळ्याची तीन नावं

८ ऑक्टोबर

ऑफिसच्या चहावर पुन्हा साय! सुरकुतलेली, पिवळट. चिकट्या ती बोटाने उचलून तोंडात टाकतो. चिकट्या म्हणजे आमचा फोटोवाला. मग त्याच बोटाने कॅमेरा, त्याच बोटाने माझे कागद. मी कप तसाच ठेवून उठले.

आणि वर हे नवीन काम. मॉर्निंग ग्लोरीची तीन वाणं बाजारात आणायचीत - निळाई, पहाट आणि शाई. बियांच्या पाकिटावरचा मजकूर लिहायचा मी. तेच माझं काम. टोमॅटो 'रसरशीत', भोपळा 'भरघोस', झेंडू 'टपोरा'. या शब्दांचाही आता वीट आलाय.

चिकट्याने तीन फोटो टेबलावर टाकले. निळं फूल, मधे पांढरा घसा. निळं फूल, मधे पांढरा घसा. आणि तिसरं? तेच!

"यातली शाई कुठली?"

"मागे लिहिलंय की पेन्सिलने."

मागे पाहिलं. घामाने सगळं पुसलेलं. फोटो माझ्या बोटांना चिकटला. श्शी! दोनदा साबण लावला तरी हाताला वास येतोय.

९ ऑक्टोबर

सकाळी चाचणीच्या शेतावर गेले, चिकट्याला घेऊन. हे शेत म्हणजे वन्संचं राज्य. यांची मोठी बहीण, आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात आणि कंपनीत चाचणी विभागाची प्रमुख. मला इथे चिकटवलं त्यांनीच. ते विसरू देत नाहीत. काल कुणालातरी सांगत होत्या, "माझी भावजय, मीच आणली हिला."

तारांवर चढवलेल्या वेलींच्या तीन लांब ओळी. सगळीकडे निळंच निळं. सुंदर? असेल. मला त्या पानांवरची कीडच दिसत होती - मावा, काळा, लिबलिबीत.

मी विचारलं, "वन्सं, यात फरक काय?"

"डोळे आहेत ना? बघ."

"बघतेय. मला एकच दिसतंय."

"सकाळी यायचं, पाच मिनिटं नाक मुरडायचं आणि पळायचं. काय दिसणार?"

एवढं बोलून गेल्या चिखल तुडवत. सांगायला काय झालं होतं? दोन वाक्यं! पण नाही. सगळ्या जगाने त्यांच्या शाळेत नाव घातलंय ना!

११ ऑक्टोबर

मजकूर लिहिला. निळाई: 'आकाशाच्या रंगाची मोहक फुले'. पहाट: 'पहाटेच्या आकाशासारखी मनमोहक फुले'. शाई: 'गडद आकाशाची आठवण देणारी मोहक फुले'.

वाचून माझी मलाच ओकारी आली.

वन्संकडून कागद परत आला. लाल शाईने माझी ऱ्हस्व-दीर्घं सुधारलेली. मजकुराबद्दल एक अक्षर नाही. खाली फक्त - 'हे तिन्ही एकच लिहिलं आहेस. पुन्हा शेतावर ये आणि दिवसभर थांब.'

दिवसभर! तिथला संडास पाहिलाय का कुणी?

१४ ऑक्टोबर

आज मी माझी परीक्षा स्वतःच घेतली. सकाळी शेतावरून प्रत्येक ओळीतली फुलं डब्यात घालून घरी आणली, यांच्यासमोर ताटलीत मांडली.

"ओळखा, यातली वेगळी कुठली?"

हे चष्मा पुसून वाकले. "सगळी एका ठशाने छापल्यासारखी आहेत गं. कशाला सकाळी सकाळी डोकं खातेस?"

झालं तर! म्हणजे मी वेडी नाही.

तोडलेली फुलं, तासाभरात मिटली. वापरून फेकलेल्या रुमालासारखी झाली, ओली, चुरगळलेली. बेसिनला जाऊन चिकटली, ती नखाने खरवडून काढावी लागली. या फुलांवर लोक जीव टाकतात!

१५ ऑक्टोबर

एकाच बियाण्याला तीन नावं देऊन लोकांच्या गळ्यात मारायचं - हाच प्रकार असणार. आणि वन्सं त्यात आहेत. एरवी मला ऱ्हस्व-दीर्घावरून टोचतात. आणि स्वतः?

आज त्यांच्याच टेबलावर पांढऱ्या ताटलीत पाणी घालून तीन फुलं ठेवली. या फुलांच्या बुडाशी हिरवं, लव असलेलं काहीतरी असतं, सुरवंट चिकटल्यासारखं. हात लावायला किळस येते. तेवढं कात्रीने कापून टाकलं होतं. नुसती निळी फुलं, स्वच्छ.

"वन्सं, तुम्ही सांगा. कुठली कुठली?"

त्यांनी एक फूल उचललं, उलटं केलं. भुवया चढल्या.

"बूड कुठे गेलं याचं?"

"घाण वाटत होती. कापलं."

"मग मला कशाला विचारतेस? मुंडकं उडवलेल्या माणसाला नाव विचारतेस?" ताटली सरकवून दिली माझ्याकडे. पाणी माझ्या साडीवर!

बघा! ओळखता येत नाहीत. चिडून झाकताहेत.

१६ ऑक्टोबर

साडीवरचा निळा डाग जात नाही.

१८ ऑक्टोबर

मीटिंग झाली. लिहून टाकते.

मालक पेनाच्या टोपणाने कान कोरत बसले होते. कोरून झालं की टोपण नाकाशी नेतात. रोज बघते, रोज नजर फिरवते. तसंच माझा कागद वाचत होते.

"बाई, तीन पाकिटं आणि मजकूर एकच? पाट्या टाकताय का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चिकट्या हसला. मी म्हटलं, "मजकूर एकच आहे कारण फूल एकच आहे."

"मूर्खासारखं बोलू नकोस," वन्सं म्हणाल्या. सगळ्यांसमोर! मला! घरी मी चालवून घेते म्हणून ऑफिसातही?

माझं डोकंच फिरलं. "त्या दिवशी तुमच्यापुढे तीन फुलं ठेवली होती. तुम्हाला तरी ओळखता आली का? खरं सांगा."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता काहीतरी ठोकून देतील. कुणाला कळणार होतं?

"नाही ओळखता आली," त्या म्हणाल्या. "पण -"

तो 'पण' मालकांनी ऐकलाच नाही. टोपण टेबलावर आपटलं. "इतकी वर्षं शेत, माणसं, पाणी, खत! आणि एकच बी तीन ओळींत लावून मला दाखवत होतात?"

मला वाटलं होतं वन्सं भांडतील. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, चष्मा डबीत घातला, म्हणाल्या, "ज्याला बघायचंच नाही त्याला काय दाखवायचं." आणि गेल्या.

संध्याकाळी कळलं, त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय.

मी बरोबरच बोलले. एकही शब्द खोटा नव्हता.

१९ ऑक्टोबर

हे जेवायला वर गेले. बहिणीकडे. जाताना दारात थांबून म्हणाले, "तुला फुलाचं पडलं होतं की तिचं तोंड बंद करायचं होतं?"

मी म्हटलं, "दोन्ही."

खरंच म्हटलं मी असं. एकटीने जेवले. भात कच्चा राहिला होता. तसाच गिळला.

२२ ऑक्टोबर

वरून पावलांचा आवाज येतो. फेऱ्या मारतात. दिवसभर! डोक्यावर कुणी पाटा-वरवंटा चालवतंय असं वाटतं.

ऑफिसात लोक एकदम गोड बोलायला लागलेत. चिकट्याने माझ्यासाठी चहा आणला, साय काढून. बोटानेच काढली असणार. तोंडही लावलं नाही.

२४ ऑक्टोबर

मालक म्हणाले, तुमच्याच घरातल्या त्या, त्यांचं सामान तुम्हीच घेऊन जा. मला पाठवतात! सकाळी निघणार होते, पण त्यांनीच काहीबाही कामं काढली. शेतावर पोचेपर्यंत दुपार झाली. ऊन डोक्यावर.

वन्संच्या खोलीत रेनकोट, जुना चष्मा, चिखलाच्या चपला, एक उशी. उशीला त्यांच्या तेलाचा वास. नाक दाबून सगळं पिशवीत कोंबलं आणि बाहेर आले.

दोन ओळी मिटलेल्या होत्या. ते माझे ओले रुमाल, तारांवर लोंबत.

तिसरी ओळ सताड उघडी! भर दुपारी. एकूण एक फूल उघडं, सकाळइतकंच ताजं.

मी पिशवी खाली ठेवली. आधी वाटलं, या ओळीला पाणी जास्त पडलं असेल. पण तिन्ही ओळींची माती सारखीच ओली. मग जवळ गेले. फूल धरलं आणि उलटं केलं, वन्संनी केलं होतं तसं. बूड गुळगुळीत, हिरव्या टोकांना पांढरट कड. लव नाही. पहिल्या ओळीत गेले. मिटलेल्या फुलाच्या बुडाला लांब, मागे वळलेल्या हिरव्या शेपट्या, लव भरलेल्या. दुसऱ्या ओळीत लव आहे, पण शेपट्या आखूड. पुन्हा पहिल्या, पुन्हा तिसऱ्या. चपला चिखलात रुतल्या, मावा हाताला लागला, साडीला लागला. कितीतरी फुलं उलटी केली. एकदाही चूक नाही. ओळीगणिक वेगळं.

तीन आहेत. तीनच आहेत!

फरक सगळा मागच्या बाजूला होता. तोच मी कात्रीने कापला.

झाडाखाली बसून ओकले. खरंच ओकले.

२५ ऑक्टोबर

सकाळी पहिली मालकांच्या खोलीत गेले. उभ्या उभ्या सांगितलं - माझं चुकलं, वाणं तीन आहेत, एक दुपारभर उघडं राहतं, शेतावर चला, दाखवते. वन्संना परत बोलवा.

ते टोपण शोधत होते. म्हणाले, "बाई, आता कशाला?"

"कशाला म्हणजे?"

"बियाण्याच्या तिन्ही गोण्या ओतल्या एकत्र. तुम्हीच म्हणालात ना, एकच आहे. मग तीन गोण्यांनी गोदाम कशाला अडवायचं?"

"पण ते वेगळं बी आहे!"

"असू दे की. उगवणार निळंच ना? गिऱ्हाईक काय फूल उलटं करून बघणार आहे?" आणि हसले. दातात काहीतरी अडकलेलं. "परवा शेतावर ट्रॅक्टर घालतोय. तिथे मिरची लावू."

मी गोदामात गेले. मोठ्या हौदात काळ्या बियांचा ढीग. हात घातला. सगळ्या काळ्या, सगळ्या तिरक्या फोडीसारख्या. ब्रह्मदेव आला तरी आता वेगळ्या करू शकणार नाही.

माझ्याच एका वाक्याने हे झालं. कंपनी लबाडी करत नव्हती. आता करतेय.

२६ ऑक्टोबर

वेलींवर पिकलेली बोंडं आहेत, काल नाही, परवा पाहिलीत. ओळी अजून वेगळ्या आहेत. वन्संना आज सांगितलं असतं तर उद्या ट्रॅक्टरच्या आधी जाऊन त्यांनी बी काढून आणलं असतं. ओंजळभर पुरे. पुन्हा वाढवता आलं असतं सगळं.

संध्याकाळी जिना चढले. सामानाची पिशवी हातात. दारापाशी पोचले तर आतून हसण्याचा आवाज. हे आणि वन्सं. हे कुणाचीतरी नक्कल करत होते, नाकात बोलून - "श्शी! घाण!" वन्सं हसत होत्या. खोकला येईपर्यंत.

माझीच नक्कल.

पिशवी दाराशी ठेवली. खाली आले.

सांगेन म्हटलं जेवणानंतर. मग म्हटलं सकाळी लवकर सांगेन.

२७ ऑक्टोबर

ट्रॅक्टर फिरला.

२८ ऑक्टोबर

वन्सं जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "पिशवी आणून दिलीस. बरं केलंस." आवाजात काहीही नाही. राग तरी असावा माणसाला!

मी म्हणाले, "वन्सं, त्या ओळी -"

"नको बोलूस," त्या म्हणाल्या. "तुला कळलंय. पायांवर दिसतंय."

खाली पाहिलं. टाचांच्या भेगांत तिथला लाल चिखल, अजून. रोज धुतेय तरी.

त्या कठड्याला धरून वर गेल्या. मी तिथेच उभी राहिले, शेजारच्या घरातला फोडणीचा वास नाकात जात होता. जग इतकं तेलकट का आहे?

३ नोव्हेंबर

चाचणी विभाग आजपासून माझ्याकडे. मोठी खिडकी, स्वतंत्र पंखा. मी हो म्हणाले. विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही.

मालक म्हणाले, "तिन्ही मिळून आता एकच पाकीट. झकास नाव काढा बघू."

नाव लगेच सुचलं. दिवसभरात कशाचीच किळस आली नाही.