क्षितिजाचे दहा दिवस

प्रिय क्षितिजा,

सप्रेम जय भीम. तू गेलीस त्या दुपारी समोरचे सुभाष आले होते. पोरगी रिट्रीटला गेलीय म्हटल्यावर खुलले. त्यांच्या कंपनीचं रिट्रीट उत्तनच्या रिसॉर्टवर असतं, दोन दिवस डीजे आणि बुफे. तुझ्या विपश्यना केंद्रात दहा दिवस तोंडही उघडायचं नाही हे कळल्यावर म्हणाले, मग जायचं कशाला? तुझी आई कितीतरी दिवसांनी हसली.

मग तिने शाळेत शिकवायची तेव्हाची डिक्शनरी काढायला लावली. माघार, एकांतवास, आसरा, सैन्यात संध्याकाळी वाजतो तो बिगुल. रिट्रीट या एका शब्दाचे एवढे अर्थ. माघार माझी, एकांत क्षितिजाचा, तुम्ही बिगुल घ्या, म्हणाली. केमो बंद करण्यावरून तू तिच्याशी किती भांडलीस, आणि तरी सात महिने तिचं अंघोळीपासून सगळं केलंस. तुला जरा झोप मिळावी म्हणून तिनेच तुला फॉर्म भरायला लावला. डॉक्टर दोन-तीन महिने म्हणाले होते. आपण तिघंही त्यावर विसंबलो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिला श्वास पुरेना. तू लिहून ठेवलेला केंद्राचा नंबर फ्रिजवर होता. मी फोन लावायला घेतला, तर तिने मनगट धरलं. "मी तिला दहा दिवस दिलेत. ते परत मागू नका." मी लगेच ऐकलं. जरा जास्तच लगेच. तुला काय सांगायचं, तेच मला सुचत नव्हतं.

पहाटे ती गेली. तेव्हा तरी तुला बोलवायला हवं होतं, तासा-दोन तासांत पोचली असतीस. पण आल्यावर तू विचारलं असतंस, काल का नाही बोलावलं? तेजश्री मावशी तुझ्यासाठी थांबू या म्हणत होती. मी सगळ्यांना सांगितलं, केंद्राचा फोन लागत नाहीये. दुपारी आपल्या लोकांनी वंदना घेतली आणि तिला नेलं.

आज शिबिर संपून जमा केलेला मोबाईल हातात आला की लोकांचे निरोप येतील. बिचारीला कळवताच आलं नाही, असं सगळे लिहितील. ते वाचण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र मोबाईलसोबत द्यायला सांगितलंय. केंद्राची काही चूक नाही. फोन मी लावलाच नव्हता. हे पत्र द्यायला केंद्राच्या गेटपर्यंत आलो होतो, तुझ्यासाठी थांबलो नाही. घरी येण्याआधी मावशीकडे जावंसं वाटलं तर जा.

तुझेच,
पप्पा