हे डावीकडेच बसतात

१४ मार्च

चि. बारकीस,

ताईचे भरभरून आशीर्वाद. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हा कागद. माझी तब्येत ठणठणीत आहे. गेल्याच आठवड्यात एका कोटाला असा रफू केला की गिऱ्हाईक स्वतःच भोक शोधत बसलं.

तुझ्या डोळ्याचा लेझर ठरला म्हणे. भित्री भागूबाई! मोतीबिंदू काढून भिंग बसवलं, तरी त्यामागच्या पापुद्र्यावर कधीकधी साय धरते. तिला बारीक खिडकी पाडतात, एवढंच. दुखत नाही. मला तर लेझरच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानाची पाटी वाचता आली.

डोळ्यातला दाब थोडा वाढतो, त्याला थेंब देतात. पण डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, "आजी, विजा चमकल्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा बाजूने सावली सरकू लागली, तर त्याच दिवशी या. आतला पडदा सुटत असतो. क्वचितच होतं, पण उशीर केलात तर नजर जाईल." तू हे ऐक. तसं काही झालं तर लगेच धाव.

मला विजा दिसल्या. तुझ्या भाऊजींचं कापायचं टेबल माझ्या डावीकडे असायचं, आठवतं? त्यांनी मोठी कात्री उघडली की दिव्याखाली अशीच लकाकायची. मग काळा भुगा उडाला. आणि परवा डावीकडे त्यांचा खांदा दिसला.

हसू नकोस. मी मान वळवून पाहिली, तर हेही वळले. कुठेही बघितलं तरी हे डावीकडेच. जिवंत माणूस असा फिरत नाही, तेवढं मला कळतं. मी वेडी नाही. उजवा डोळा लहानपणापासून अधू, सगळी भिस्त या एकावर, तेही कळतं. पण इतक्या वर्षांनी शेजारी येऊन बसलेल्या माणसाला उठा कसं म्हणू?

नुसते जवळ सरकतात. काल कोपर माझ्या सुईपर्यंत आलं. आज निम्मं कापड त्यांच्याखाली गेलंय, आणि मी हातानं चाचपून टाके घालतेय.

बारके, तुला म्हणून सांगते, मला यांचा चेहरा आठवेनासा झालाय. फोटोतला आठवतो, खरा नाही. फार भीती वाटते त्याची. आंधळं होण्यापेक्षा जास्त. आणखी थोडे सरकले की हे पुरते समोर येतील.

पत्र मिळताच तू बोंबलत येशील, मला फरपटत दवाखान्यात नेशील, आणि बरोबरच करशील. म्हणून आज टाकत नाही. उद्या टाकीन. टपालपेटीपर्यंतची वाट दिसली नाही, तर हे नेतील.

तुझी, आणि अजून यांचीच,
ताई