स्टेपनी गाडीखालून निघत नाही

पांढरकवडा
५ डिसेंबर २०२४

प्रिय पुंडलिक,

हबीबचा सलाम. तू आणि विमलवहिनी खुशाल असाल. फोन केला असता, पण तुझ्या कानांशी भांडण्यापेक्षा पोस्टाचं तिकीट बरं. कापूसवेचणी कुठवर आली? इकडे गॅरेजात मान वर करायला फुरसत नाही. म्हणजे अब्रारला नाही. मी खुर्चीवर बसून लेकाच्या कामात चुका काढतो.

आता मुद्द्याचं लिहितो. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या वावरातलं पिल्लू मी आणलं होतं. आल्या दिवशीच ते ट्रकच्या जादा चाकात जाऊन झोपलं, म्हणून पोरांनी त्याचं नाव स्टेपनी ठेवलं. इतकी वर्षं मी बॉनेटवर हात आपटला की तो गाडीखालून निघून बाजूला व्हायचा. दिवाळीपासून काय झालं कोण जाणे, नुकत्याच आलेल्या गाडीखाली जाऊन पडतो आणि गळा फाटेस्तोवर हाका मारल्या तरी हलत नाही. त्याचे कान गेले असावेत. परवा मी वैतागून बादलीभर पाणी फेकलं, तरी पठ्ठ्या जागचा उठला नाही.

सोमवारी मात्र हद्द झाली. अब्रार एक ट्रक मागे घेत होता आणि टायर स्टेपनीच्या पाठीपासून वीतभरावर थांबलं. मी ओरडलो म्हणून थांबलं. अब्रार खाली उतरला आणि तडक माझ्यापाशी आला. माझ्या हातून हा मेला तर मी पुन्हा गॅरेजात पाय ठेवणार नाही, महिना संपायच्या आत त्याला पुंडलिककाकांच्या वावरात धाडा, असं त्याने मला बजावलं. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. बांधून पाहिलं, तर स्टेपनी दिवसभर रडला. आमचं घर वरच्या मजल्यावर, तिथे तो चढत नाही.

तेव्हा तूच त्याला घेऊन जा. हे लिहिताना जीव तुटतो आहे, पण चाकाखाली गेलेला पाहण्यापेक्षा तुझ्याकडे असलेला बरा. तुझ्या लोभावर भरवसा आहे, म्हणूनच हे ओझं तुझ्या दारात ठेवतो.

तुझा,
हबीब


बोरी अरब
११ डिसेंबर २०२४

प्रिय हबीब,

स. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, ग्रीस लागल्यासारखं. कापसाची दुसरी वेचणी झाली, तूर फुलावर आहे, बाकी ठीक.

स्टेपनीची काळजी सोड. २८ तारखेला शनिवारी गावातल्या सुनीलचा छोटा हत्ती टेम्पो ठरवला आहे, तो घेऊन येतो आणि पठ्ठ्याला मागे बसवून आणतो. इथे वावरात मोकळा फिरेल, रानडुकरांमागे चार धावा घेईल, अंगात रग येईल. गॅरेजात बसून बसून सुस्तावला आहे, मालकावर गेला.

कानांचं म्हणशील तर आमच्याकडेही तोच प्रकार आहे. विमलला हल्ली हाक ऐकू येत नाही. सकाळी अंगणात पाणी तापवायच्या चुलीपाशी बसली की बसली. चारदा चहा मागावा तेव्हा कुठे उठते. घरात एक बहिरा पुरेसा होता, असं मी तिला म्हणतो.

अब्रारला आशीर्वाद. माझ्यावरची माया शनिवारपर्यंत तरी टिकव.

तुझाच,
पुंडलिक


(त्याच पाकिटात)

श्री. हबीबभाऊंना,

विमलचा सा. न. वि. वि. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं. मी आधी दोन्ही पत्रं वाचली आणि मग ही चिठ्ठी आत सरकवली. ह्यांना माहीत नाही.

भाऊ, माझे कान चांगले आहेत. चहाची हाक मला पहिल्याच वेळी ऐकू येते. ऐकू येतं सगळं, उठवत नाही. दोन वर्षं झाली, गुडघे सकाळी लाकडासारखे होतात. चुलीची धग लागली की जरा सुटतात, मग मी उठते. कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

तुम्ही लिहिलं आहे की स्टेपनी नुकत्याच आलेल्या गाडीखाली जातो. दोन दिवसांपासून उभ्या असलेल्या गाडीखाली का जात नाही? नुकतीच आलेली गाडी गरम असते, भाऊ. तो इंजिनाची ऊब घेतो. थोडं नीट पाहा, उठताना मागचा भाग ओढतो का, पायरीपाशी थबकतो का. तसं असेल तर ह्यांच्या वावरातल्या ढेकळांत आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या खुंटांत त्याला डुकरांमागे पळायला लावणं हा जुलूम होईल. आधी जनावरांच्या दवाखान्यात न्या.

आणि हात जोडून सांगते, पाणी फेकू नका. थंडीचे दिवस आहेत.

आयशाभाभींना नमस्कार. धाकट्या बहिणीचं म्हणणं मनावर घ्याल ना?

आपली,
विमल


पांढरकवडा
२० डिसेंबर २०२४

सौ. विमलवहिनींना,

हबीबचा आदाब. तुमची चिठ्ठी मी तीनदा वाचली आणि खुर्ची उचलून स्टेपनीसमोर जाऊन बसलो. दिवसभर फक्त त्याला पाहिलं. तुम्ही लिहिलं ते एकूण एक खरं निघालं. पन्नास वर्षं मी इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतो, लोक नागपूरहून विचारायला येतात, आणि माझ्या पायाशी पडलेल्या जिवाचा बिघाड मला दिसला नाही.

बुधवारी अब्रार आणि मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी मागचे सांधे हळूच दाबले. उजव्या खुब्यावर बोट आलं आणि तो ओरडला. अकरा वर्षांत असा आवाज मी ऐकला नव्हता. सांध्यातली गादी झिजली आहे, ती परत येणार नाही, पण दुखणं पुष्कळ कमी करता येतं, असं त्या म्हणाल्या. कान शाबूत आहेत. माझ्या पाठीसाठीची गोळी मी खिशात घेऊन गेलो होतो, अर्धी देऊ का म्हणून विचारलं. त्यांनी असं पाहिलं की मी पाकीट परत खिशात घातलं. माणसाच्या गोळीने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते, म्हणे. त्यांनी रक्त तपासून कुत्र्याची वेगळी गोळी वजनावर लिहून दिली.

वजन भरलं अडतीस किलो. दहा तरी उतरवायला सांगितलं आहे, कारण तेवढा भार त्या सांध्यांवर पडतो. हरिसिंग नावाचा आमचा जुना गिऱ्हाईक ड्रायव्हर दर खेपेला ढाब्यावरून त्याच्यासाठी पराठे आणतो आणि बाकीचे बिस्किटं टाकतात. आता अब्रारने खडूने भिंतीवर लिहिलं आहे की स्टेपनीला काही देऊ नये. फरशी तेलाने निसरडी, तिथे त्याचे पाय फाकायचे. आम्ही जुन्या ट्यूबा चिरून रबराच्या पट्ट्या टाकल्या. पायरीला फळी लावली. उन्हाच्या भिंतीशी पोत्यांवर जाड गादी घातली, सकाळी त्यात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवतो. दोन वेळा थोडं थोडं चालवतो, पळवत नाही.

पुंडलिकला सांगा, २८ला येऊ नकोस. अब्रार एक महिना थांबायला तयार झाला आहे. वहिनी, त्या बादलीभर पाण्याचं मला फार वाईट वाटतं. आणि तुमच्या गुडघ्यांचंही. सांभाळा, आणि भावावर राग धरू नका.

आपला,
हबीब


बोरी अरब
३० डिसेंबर २०२४

प्रिय हबीब,

स. न. वि. वि. विमलच्या नावाचं पत्र मी फोडलं. तिने माझं वाचलं होतं, हिशेब चुकता झाला. वाचून झाल्यावर चुलीपाशी गेलो आणि विमलला न उठवता चहा मीच ठेवला.

छोटा हत्ती ठरलेलाच होता. शनिवारी सुनील आला आणि कुत्रा आणायला निघायचं ना म्हणाला. मी म्हटलं, कुत्रा राहू दे, तुह्या काकूले दारव्ह्याले दवाखान्यात नेऊन राह्यलो. विमल आधी नाही नाही म्हणत होती, मग लुगडं बदलून समोरच्या सीटवर जाऊन बसली. गुडघ्यांचा फोटो काढला, औषधं मिळाली, व्यायाम दिले आहेत. पाच दिवसांपासून सकाळचा चहा मी करतो. साखर जास्त पडते, पण ती पिते.

मला लाज वाटते आहे, हबीब. तुला लिहितो, तिला सांगायला अजून धीर झाला नाही. स्टेपनी कसा आहे ते लवकर कळव. इकडे त्याची विचारपूस माझ्यापेक्षा जास्त होते.

माझ्यासारख्यालाही जवळचा म्हणत राहा.

तुझा,
पुंडलिक


पांढरकवडा
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय पुंडलिक आणि विमलवहिनी,

सलाम. वहिनींचे गुडघे हलके झाल्याचं कळलं, आयशाबीने शिरखुर्मा केला. ईद लांब आहे, पण तिला कारण हवं होतं.

स्टेपनीचं वजन सहा किलो उतरलं. थंडीच्या सकाळी अजून अवघडतो, एखादा दिवस वाईट जातो, पण आता शेपटी हलवत उठतो. परवा हरिसिंगची गाडी ओळखून फाटकापर्यंत चालत गेला. हरिसिंगने पराठ्याऐवजी गाजर आणलं होतं. दोघंही नाराज झाले, पण भेट झाली.

महिना कधीच संपला. अब्रारने वावराचं नाव काढलं नाही, मीही विचारलं नाही. भीती होती. माझं वय झालं, उद्या खुर्ची रिकामी झाली तर या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी कोण ओरडेल, ही खरी काळजी मी तुलाही लिहिली नव्हती.

काल आदिलाबादकडचा एक ड्रायव्हर घाईत होता. स्टार्टर मारून हॉर्न वाजवू लागला. अब्रारने त्याला इंजिन बंद करायला लावलं, फरशीवर आडवा झाला आणि गाडीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतलं. स्टेपनी तर समोर उन्हात घोरत होता. मी म्हणालो, अरे, तो इथे आहे. अब्रार पाठ झटकत उठला आणि म्हणाला की ते त्याला माहीत आहे, पण पाहिल्याशिवाय त्याला गाडी सोडवत नाही.

पुंडलिक, मी मान वळवून डोळे पुसले. आता मला काळजी नाही. तुम्ही दोघं सावकाश या, जेवायला थांबा, आणि आमच्यावरची माया उतू जाऊ द्या.

तुमचा,
हबीब