फॅनचा षड्ज

एग्मोर, चेन्नई
११ एप्रिल २००७

प्रिय कनका,

घडलेल्या गोष्टी आधी क्रमाने मांडते. पहिली: गेल्या मे महिन्यात मी तुला तंजावरहून बोलावले आणि आईची अकरा मराठी गाणी तुझ्या आवाजात माझ्या संगणकावर ध्वनिमुद्रित केली. दुसरी: मुद्रण निर्दोष व्हावे म्हणून मी खिडक्या लावल्या, एसी आणि छताचा पंखा बंद केला, आणि आई साथीवाचून गात असे म्हणून आधाराचा सूर देणारी तुझी श्रुतिपेटीही बंद करायला लावली. तिसरी: तू परत गेल्यावर मी गाणी तपासली. पहिल्या गाण्यातला तुझा षड्ज आणि अकराव्यातला षड्ज यांत जवळजवळ अर्ध्या स्वराचे अंतर पडले होते. तो सावकाश चढत गेला होता. चौथी: हे मी आलेखासह दोन पानांत लिहून तुला पाठवले, एक प्रत आपल्या गिरीधरदादाला. शेवटचे वाक्य होते, 'गायिकेला श्रुती धरून ठेवता येत नाही.' पाचवी: गेल्या महिन्यात मी संगणकासाठी शांत फॅन विकत घेतला. इथपर्यंत क्रम नीट लागतो. पुढे तो मला लावता येत नाही, आणि असे माझ्या बाबतीत सहसा होत नाही हे तू जाणतेस.

फॅन का घेतला, हे तुला आवडणार नाही. तुझे गाणे सदोष ठरवल्यावर तीच गाणी दुसऱ्या कुणाकडून गाऊन घ्यावीत असे मी ठरवले. संगीत महाविद्यालयातून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली महालक्ष्मी नावाची मुलगी मिळाली. मराठी शून्य, शब्द तिने तमिळ लिपीत उतरवून घेतले. पहिल्याच दिवशी ती कानावर हात ठेवून म्हणाली, "मामी, तुमचं हे यंत्र गुणगुणतंय. याच्यापुढे मला माझी श्रुती लावता येत नाही." मला राग आला. तीन वर्षे मी त्याच यंत्रापुढे बसते आहे, आणि मला घरघरीखेरीज काही ऐकू आलेले नाही. घरघर म्हणजे मळ. तो मी मुद्रणातून पुसून टाकते. तुझ्या अकरा गाण्यांतूनही मी तो पुसला होता.

शांत फॅन निवडणे हे इतके गोंधळाचे काम असेल अशी कल्पना नव्हती. एका खोक्यावर एकोणीस डेसिबल छापलेले, दुसऱ्यावर एकवीस. पण ते किती अंतरावरून मोजले, याविषयी दोन्ही खोकी गप्प. बॉल बेअरिंगचा फॅन टिकतो पण टिकटिकतो. दुसऱ्या जातीचा सुरुवातीला शांत असतो, मात्र आपल्या उन्हाळ्यात त्याचे वंगण सुकते. मोठा फॅन सावकाश फिरून तेवढीच हवा देतो म्हणावे, तर माझ्या संगणकाच्या कॅबिनेटला ऐंशी मिलिमीटरचाच बसतो. त्यात स्क्रूने आवळला की कंप पत्र्यात उतरतो, म्हणून रबरी खुंट्या घ्याव्या लागतात. रिची स्ट्रीटवरचे दुकानदार नारायणस्वामी यांना मी एकामागून एक चौदा फॅन चालवून दाखवायला लावले. शेवटी ते म्हणाले, "अम्मा, एवढा शांत पाहिजे तर वायर काढून टाका. आणि गेला दीड तास तुम्ही बोलताय, ते किती डेसिबल झालं?" दुकानातले सगळे हसले. मी हसले नाही. तीन फॅन घेऊन घरी आले.

घरी मी ते तिन्ही आणि जुना असे चारही फॅन आळीपाळीने बसवून, एक वीत अंतरावर माइक ठेवून मोजले. नव्यांपैकी दोन जवळजवळ मुके निघाले. जुन्याची पाळी आली तेव्हा पडद्यावर एक ठळक, सरळ रेघ उमटली. पाती हवा कापतात त्याचा तो सूर. त्या रेघेचा आकडा वाचला आणि मी खुर्चीत मागे टेकले. तो मला पाठ होता. मीच तो तुला लिहून पाठवला होता. तो तुझ्या पहिल्या गाण्याचा षड्ज होता.

योगायोग असेल म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा खिडक्या लावल्या, एसी बंद, पंखा बंद, आणि घामाने निथळत चाळीस मिनिटे बसले. खोली तापली की कॅबिनेट तापते आणि त्याला निववण्यासाठी फॅन आपोआप अधिक वेगाने फिरतो. शंभर फेऱ्यांच्या एकशेसहा झाल्या, की सूर अर्ध्या स्वराने वर. रेघ माझ्या डोळ्यांदेखत चढली. मग मी तुझ्या गाण्यांची न पुसलेली मूळ प्रत उघडली. मूळ प्रत मी कधी टाकत नाही. अकराच्या अकरा गाण्यांत फॅनची रेघ आणि तुझा षड्ज एकावर एक आहेत. कुठेही, कनका, केसाएवढीही फट नाही. तू श्रुती सोडलीच नव्हतीस. श्रुतीच सरकत होती, ती मी सरकवली होती, मग ती पुसली, आणि ती नाही असे धरून तुला दोषी ठरवले.

आता मला आठवते, गाताना तुझा डावा तळहात कॅबिनेटच्या पत्र्यावर होता. मी दोनदा हटकले. तू म्हणालीस, "असू दे अक्का, बरं वाटतंय." हे तुला कळत होते की हात आपोआप गेला? कळत होते तर तो आलेख हाती पडल्यावर तू एक ओळ का लिहिली नाहीस? की मला सांगून उपयोग नाही, हे तू लहानपणीच ठरवून ठेवले होतेस?

महालक्ष्मीने नव्या फॅनपुढे अकराही गाणी गायली. आलेख फूटपट्टीने आखल्यासारखा आला. मी समाधानाने गिरीधरदादाला फोनवर ऐकवले. तो पहिले कडवे संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "छान गाते ग. हे गाणं कुठलं?" आईचेच गाणे त्याला ओळखू आले नाही. यात चूक कुठे आहे, ते मला मोजता येत नाही.

एक गोष्ट मात्र क्रमात सर्वांत आधी यायला हवी होती. आईने मला एकही गाणे शिकवले नाही. माझा पहिला नंबर आला की ती आळीत साखर वाटायची. पण संध्याकाळी गाताना मांडीजवळ तुला बसवायची. मला सूर ऐकू येत नाही, हे आपल्या घरात कुणी कधी बोलले नाही. मला पुण्याला पदार्थविज्ञान शिकायला पाठवले, एवढेच. म्हणून मी सूर आकड्यांत वाचते. तुझा चढता आलेख पाहताना मला दुःख झाले होते की आणखी काही, हे मी गेले तीन आठवडे स्वतःला विचारते आहे.

परवा गिरीधरदादा आला होता, त्याच्याकडून बारशाचे कळले. फेब्रुवारीत तुझ्या लेकीच्या, श्रीदेवीच्या, भव्याचे बारसे झाले. मी गुडघ्याचे कारण सांगून टाळले होते. पाळणा बांधला, अकरांतला आईचा पाळणा तू म्हणशील म्हणून बायका तुझ्याकडे पाहत थांबल्या, आणि तू म्हणालीस, "माझी श्रुती राहत नाही. अक्कानं लिहून दिलंय की." मग पाळण्यांची विकतची सीडी लावली. आपल्या घरात पहिल्यांदा मूल सीडीवर पाळण्यात पडले. जे मी लिहून दिले ते लिहूनच परत घ्यायला हवे, म्हणून हे पत्र. ते शेवटचे वाक्य मी रद्द करते. निष्कर्ष चुकीचा होता आणि चूक माझी होती. एक प्रत गिरीधरदादाला जात आहे. शांत फॅन खोक्यात परत गेला. जुना त्याच्याच चार स्क्रूंनी पुन्हा बसवला आहे. एक मेला मी यंत्र टॅक्सीत घालून तंजावरला येते. खिडक्या उघड्या राहतील, रस्त्यावरचे हॉर्न येतील ते येऊ देत. श्रुतिपेटी, फॅन की काहीच नाही, हे तू ठरवायचे. आधी भव्यासाठी तो पाळणा, मग बाकीची दहा गाणी. मी येऊ की नको, आणि तुला तेव्हा कळत होते की नव्हते, या दोन प्रश्नांचे उत्तर मला लेखी हवे. फोन करू नकोस. फोनवर तू "बघू अक्का" म्हणतेस आणि मग आपण दोघी गप्प होतो. पत्ता घातलेले पोस्टकार्ड सोबत आहे. त्यावर लिही.

तुझीच,
त्रिपुरसुंदरी अक्का