अर्धं कार्ड

प्रिय मने,

परवा फोनवर तुला जे सांगितलं ते आधी परत घेते, मग बाकीचं. तुमच्या हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर सांगतात तसं कर, कागद बदलून टाक, ती नर्स कंत्राटावरची आहे, तिला कुठेही काम मिळेल, असं मी बोलले. नुकतीच देवापुढून उठले होते आणि हे बोलले. तुला वाटलं असेल, मॅट्रिक झालेल्या बाईला यातलं काय कळतंय! कळत होतं गं, म्हणूनच तोंडातून इतकं पटकन आलं. बाबा समोर जेवत होते, ते भरल्या ताटावरून उठले. आपल्या घरात पानात टाकायचं नाही हा नियम माझाच, तरी मी त्यांना अडवलं नाही.

तुझ्याकडचं मला कळलं ते असं. तुझ्या वॉर्डातल्या एका पेशंट आजोबांना साखर उतरवायच्या इंजेक्शनचे दहा युनिट द्यायचे होते, तुझ्या हातून शंभर लिहिले गेले. नर्सनं फोन करून विचारलं, एवढे द्यायचे का? तू खेकसलीस, लिहिलंय तेवढं दे. आजोबा अजून शुद्धीवर नाहीत. सोमवारी चौकशी आहे, आणि त्याआधी तो कागद नव्यानं लिहिला की चूक तुझ्या हातून सुटून तिच्या हाताला चिकटेल. आता माझं ऐक.

आपला दवाखाना म्हणजे घराची पुढची खोली, हे तुला आठवतं. बाबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात, म्हणून पेशंटची कार्डं मी लिहायची. छापील कार्डाच्या वरच्या अर्ध्या भागात नाव, वय, वजन, आणि उजवीकडे लाल चौकट: न मानवणारी औषधे. खालच्या अर्ध्यात नुसत्या रेघा. जुन्या पेशंटचं कार्ड भरलं की मी नवं कोरं कार्ड कात्रीनं मधोमध कापायची आणि खालचा तुकडा त्यांना वापरायची; वरच्याच्या पाठीवर घरचा हिशेब, तेवढाच कागद वाचायचा. ओळखीच्या माणसांना पुन्हा डोकं-तोंड कशाला? भरलेली कार्डं गठ्ठा बांधून माळ्यावर. बाबांनी एकदा विचारलंही होतं, अहो, चौकट कुठे गेली? मी म्हटलं, तुम्हाला तर सगळे तोंडपाठ असतात! ते हसले, म्हणाले, तुमच्या हातात दवाखाना दिला तर पेशंटसुद्धा अर्धे कापाल. आम्ही दोघंही हसलो होतो, मने.

तू दहावीला होतीस. तुझे गणवेश शिवणाऱ्या बाई आठवतात? तोंडात टाचण्या धरून बोलायच्या आणि तू घाबरायचीस. घसा सुजला, ताप चढला म्हणून त्या सकाळी आल्या. बाहेर बाकावर माणसं दाटून बसलेली. बाबांनी कार्ड पाहिलं, खालचा तुकडा. पेनिसिलिनचं इंजेक्शन भरलं. विचारायचं राहिलं. बाई पदर सारखा करत उठल्या आणि दारातच बसल्या. बाबांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, छाती दाबली, शेजारच्यांच्या गाडीत घालून मोठ्या हॉस्पिटलकडे निघाले. त्या वाटेतच गेल्या.

दुपारी मी माळ्यावरून त्यांचं जुनं कार्ड काढलं. लाल चौकटीत माझ्याच वळणदार अक्षरात होतं: पेनिसिलिन. अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. बाबांच्या पुढे धरलं तेव्हा त्यांनी वाचलं आणि पालथं ठेवलं. मीच म्हटलं, मी अख्खं कार्ड नव्यानं लिहिते. ते ‘नको’ म्हणाले. एकदाच म्हणाले. मी लिहायला बसले. चौकटीत लिहिलं: विचारले, काहीच नाही म्हणाली. बाबांनी सही केली. जुनं कार्ड आणि तो तुकडा मी चुलीत घातला. पाठकोऱ्या कागदावर आयुष्य काढलेली मी, फुकट जाळलेला तेवढाच कागद. चौकशीचे अधिकारी कार्ड उलटसुलट करून म्हणाले, वहिनी, इतकी नीटनेटकी नोंद हल्ली बघायला मिळत नाही. मी त्यांना पाणी आणून दिलं.

तू विचारायचीस, बाबा इतके चिडचिडे का झाले? त्यानंतर ते साध्या गोळीलाही तीन-तीनदा विचारायचे, काही न मानवणारं आहे का, आठवून सांगा, घरच्यांनाही विचारून या. लोक बाकावर बसून हसायचे, डॉक्टरांना ऐकू कमी येतंय वाटतं. एकदा मी म्हटलं, झालं ते झालं, किती दिवस? ते म्हणाले, चूक माझी होती, ती मी पचवली असती. पण ती मेली आणि वर खोटी ठरली, ते गिळत नाही. देवापुढे मी रोज माफी मागायची. जिची मागायची तिचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, तिकडे सोळा वर्षं फिरकले नाही. भाजी आणायला लांबच्या वाटेनं जायची.

काल मी तिकडे गेले. जाते म्हटलं तर बाबांनी माझ्याआधी चपला घातल्या. त्या बाईंच्या यजमानांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान अजून आहे. त्यांनी मशीन बंद केलं, स्टूल पुसून दिलं, तुझी चौकशी केली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते बराच वेळ हातातली किल्ली घासत राहिले. मग म्हणाले, म्हणजे तिनं सांगितलं होतं? तुम्हाला सांगितलं होतं? सोळा वर्षं मी तिच्या फोटोशी भांडतोय, बाई गं, एवढंसं तोंड उघडून सांगता आलं नाही तुला? बाबा रडले. ते नाही रडले. म्हणाले, माफी-बिफी राहू द्या, लिहून द्या.

दिलं. माझ्या अक्षरात, दोघांच्या सह्यांनी. ते आता त्यांच्याकडे आहे. ते कोर्टात नेतील, पेपरात देतील, की फोटोमागे ठेवतील, हे विचारायचा अधिकार आम्हाला नाही. बाबांचं नाव जाईल, आणि तेच नाव तुझ्या पाटीवर आहे, म्हणून तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी हे लिहिलं. टपालाचा भरवसा नाही, म्हणून बाबाच पत्र घेऊन येतायत. परवा मी तुला वाचवत नव्हते, मने. तू खरं बोललीस तर मी कोण ठरते, या भीतीनं बोलले. कागद आहे तसा राहू दे. त्याखाली ‘शंभर मी लिहिले, नर्सनं विचारलं होतं’ असं लिही. पण सोमवारपर्यंत थांबू नकोस. बाबांना आत घे आणि आधी त्या पोरीला फोन कर. आपणच नीट वाचलं नाही की काय, असं ती स्वतःला विचारत बसली असेल.

अजूनही म्हणशील तर तुझीच,
आई